भट्टीवर ऐकलेले शेवट

माझं शिक्षण चौथी. पाचवीची शाळा पुढच्या गावात होती आणि घरी म्हशी होत्या, त्यामुळं तो प्रश्न तिथंच मिटला. अक्षराला अक्षर लावून वाचता येतं, पण पान संपेपर्यंत पहिली ओळ विसरून गेलेली असते. असा माणूस पुस्तकांवर लिहितो म्हटल्यावर लोक हसतात. हसू द्या. दुसरा कुणी असता तर मीही हसलो असतो.

आमची खव्याची भट्टी होती. वाशी या तालुक्याच्या गावाच्या अलीकडं आमचं गाव. या भागात घरटी म्हैस आणि गल्लीला भट्टी. सकाळी गावातलं दूध यायचं, मोठ्या लोखंडी कढईत ओतायचं, खाली बाभळीचा जाळ, आणि वरून लांब दांड्याचा सराटा घेऊन हलवत राहायचं. खव्याला अक्कल फार लागत नाही, हात लागतो. दूध आळायला लागलं की हात थांबवायचा नाही. थांबला की दूध बुडाला धरतं, आणि एकदा धरलं की सगळी कढई करपट होते. तो खवा मग पेढेवाला घेत नाही आणि म्हैस हुंगत नाही.

बायको दहावी पास होती. धूर जिकडं जायचा त्याच्या उलट अंगाला, दारापाशी पोत्यावर बसून ती वाचायची. वाशीच्या वाचनालयातून पुस्तकं आणायची. सुरुवातीला मनातल्या मनात वाचायची. मी एकदा म्हणालो, "तू हसतीस, डोळं पुसतीस, आन मी हितं बैलावानी गोल फिरतोय. मोठ्यानं वाच की." तेव्हापासून ती मोठ्यानं वाचायला लागली. मी कढई हलवायची, तिनं वाचायचं. अशी आमची बरीच पुस्तकं झाली. मी वाचलेलं एकही नाही, सगळी ऐकलेली.

सुरुवातीच्या एका पुस्तकात एक बैल मेला. गोष्ट चांगली चालली होती, आणि पावसात चिखलात रुतून बैल गेला. आम्ही कधी बैल पाळला नाही, आमच्या म्हशी. तरी माझा हात थांबला. किती वेळ थांबला मला माहीत नाही. धूर आला, वास आला, तेव्हा ती उठून ओरडली, "अवो, कढई." तोवर धरलं होतं. त्या दिवसाचा खवा उकिरड्यावर गेला. आम्ही दोघांनी मिळून कढई घासली, राखेनं आणि विटेच्या तुकड्यानं, पार दुपार होईपर्यंत.

त्यानंतर पुस्तकात कुणी मेलं नाही.

मला ते विशेष वाटायचं. गावात बघावं तर सारखी तिरडी. पण पुस्तकात कुणी आजारी पडलं तरी उठायचं, विहिरीकडं गेलेली बाई परत यायची, लढाईवर गेलेला लंगडत का होईना घरी यायचा. मी तिला म्हणायचो, "लिहिणारी माणसं चांगली असत्यात. जगवत्यात." ती म्हणायची, "व्हय, चांगली असत्यात," आणि पुढं वाचायची.

आमचा पुस्तकांचा ब्लॉग मुलीनं काढून दिला. मुलगी सोलापूरला दिली आहे, तिला मोबाइलचं सगळं कळतं. आई प्रत्येक पुस्तक झाल्यावर तिला लांबलचक मेसेज लिहायची, कसं होतं, काय आवडलं. मुलगी म्हणाली, हे सगळं एका जागी ठेवू, इतर लोकही वाचतील. ब्लॉगचं नाव तिनं आमच्या भट्टीवरून ठेवलं. दुपारी भाकरी झाली की बायको ओसरीत बसून अंगठ्यानं टाइप करायची. शेवट कधी सांगायची नाही. म्हणायची, शेवट सांगितला तर लोकांनी पुस्तक कशाला वाचायचं. आणि लिहून झालं की खाली दोन ओळी माझ्या असायच्या, भट्टीवरचं मत म्हणून. ती विचारायची, कसं वाटलं. मी सांगायचो. ह्या नायकाला कामधंदा नाही काय, सारखा नदीकाठी बसतो. किंवा, सासू बरोबर आहे, सून आळशी आहे. त्यातलं कुठलं घ्यायचं आणि कुठलं टाकायचं ते ती ठरवायची. लोकांना त्या दोन ओळी आवडायच्या म्हणे. वाचणारे मूठभरच. त्यातली एक बाई नेहमीची होती, कुठल्या गावची आम्हाला ठाऊक नाही. फोटोच्या जागी तिनं जास्वंदीचं फूल लावलेलं. प्रत्येक पुस्तकाखाली ती काहीतरी लिहायची. बायको तिला उत्तर दिल्याशिवाय ताटावर बसत नव्हती. मी म्हणायचो, जेवण गार होतंय, तुझी जास्वंद काही सुकत नाही.

मग बायकोला पोटाचं दुखणं लागलं. त्याबद्दल फार लिहिणार नाही. सोलापूरला नेली, आणली, परत नेली. डॉक्टर मला बाहेर बोलावून सांगायचा, आणि मी आत येऊन तिला सांगायचो की बरं आहे म्हणतोय. ती मान हलवायची. घरीच गेली, सकाळी, दुधाच्या वेळेला. लोक दारात किटल्या घेऊन आले होते, ते तसेच परत गेले. भट्टी मी त्या दिवसापासून पेटवली नाही.

दिवसकार्य झाल्यावर मुलगी म्हणाली, "आप्पा, ब्लॉग बंद करू का. आई न्हाय तर कोण लिहिणार."

मी म्हणालो, "म्या लिहितो."

मग तिनं शिकवलं. कुठं दाबायचं, कुठं लिहायचं. मला हे का हवं होतं ते नीट सांगतो. घरात तिचं जे काही होतं, लुगडी, चष्मा, चपला, ते सगळं गप्प होतं. ब्लॉग बोलत होता. तिथं तिचं लिहिणं आणि त्याखाली माझ्या दोन ओळी, असं आम्ही दोघं बोलत बसल्यासारखं दिसायचं. ते चालू राहिलं तर आमचं काहीतरी चालू आहे. बाकी सगळं संपलेलंच होतं.

पहिल्यांदा मी ती गेल्याचं लिहिलं. लोकांनी हात जोडले. मग मी पुस्तकांवर लिहायला लागलो, जी तिनं मला ऐकवली होती आणि ज्यांच्यावर तिचं लिहायचं राहिलं होतं ती. एका ओळीला एक सकाळ जायची. भट्टी नव्हती, तर सकाळचं करायचं काय हा प्रश्न त्यानं सुटला. एकदा मी लिहिलं की पुस्तकं मला का आवडतात. लिहिलं की पुस्तकात माणसं मरत नाहीत, म्हणून आवडतात. खाली जास्वंदीच्या बाईनं विचारलं, काका, कोणती पुस्तकं? मला वाटलं तिला नावं हवीत. मी दिली. तिनं पुढं काही लिहिलं नाही.

मग मी त्या म्हातारा-म्हातारीच्या पुस्तकावर लिहिलं. मुलाकडं शहरात राहायला गेलेली दोघं. म्हातारी आजारी पडते, मोठ्या दवाखान्यात ठेवतात, म्हातारा बाहेर बाकावर बसून असतो. हे पुस्तक आम्ही तिच्या दुखण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात वाचलं होतं. मी लिहिलं की शेवट फार चांगला आहे. म्हातारी बरी होते, मुलाला न सांगता दोघं एसटीत बसतात, गावी येऊन अंगणात चूल मांडतात, आणि म्हातारा म्हणतो की तुझ्या हातचं बेसन लई दिवसांनी. मी लिहिलं की लिहिणाऱ्याला माणसं कळतात.

दोन-चार दिवसांनी जास्वंदीच्या बाईनं लिहिलं. फार अदबीनं लिहिलं होतं. "काका, त्या पुस्तकात म्हातारी दवाखान्यातच जाते ना? म्हातारा एकटाच गावी येतो. कदाचित माझी आठवण चुकत असेल."

माझं टाळकं फिरलं. मी लिहिलं, "तुमचीच चुकतीय. माझ्या बायकोनं मला शब्द न् शब्द वाचून दाखवलंय. ती खोटं वाचणारी बाई नव्हती."

एवढं लिहून मी गप्प बसायला हवं होतं. पण माणूस मेल्यावर त्याच्या शब्दावर कुणी बोट ठेवलं की सहन होत नाही. जिवंत असती तर तिनं स्वतः उत्तर दिलं असतं. आता तिच्या वतीनं मीच उरलो होतो. मी ठरवलं, पुस्तक आणायचं, शेवटच्या पानाचा फोटो काढायचा आणि ब्लॉगवर चिकटवायचा. मग बघू कोण चुकलं.

जीपनं वाशीला गेलो. वाचनालयातल्या बाईंनी मला ओळखलं. पूर्वी मी खवा पोचवायला आलो की बायकोची पुस्तकं तिथं परत द्यायचो. त्यांनी पुस्तक काढून दिलं. मी स्टँडवर येऊन बाकावर बसलो, चष्मा लावला आणि मागून उघडलं.

मला वाचायला वेळ लागतो हे सांगितलंच आहे. एक एसटी आली, गेली. दुसरी आली. समोर शेंगावाला ओरडत होता. म्हातारी मेली होती. शेवटच्या प्रकरणाच्या तिसऱ्या ओळीतच मेली होती. पुढची सगळी पानं म्हातारा एकटा होता. एसटीत बसला होता, एकटा. अंगणात चूल नव्हती. बेसन नव्हतं. शेवटच्या ओळीत तो कुलूप काढत होता आणि किल्ली लागत नव्हती.

मी पुन्हा वाचलं. वाटलं पान चुकलं असेल. आणि ते वाटलं तेव्हा आठवलं, ती वाचता वाचता मध्येच थांबायची. म्हणायची, "थांबा, पान चिकटलंय." बोटाला थुंकी लावायची, पान सोडवत बसायची. मी कढई हलवत राहायचो. पुष्कळ पुस्तकांची पानं चिकटलेली असायची. मी म्हणायचो, वाचनालयवाले पुस्तकं सांभाळत नाहीत. ती पान सोडवत नव्हती, पुढचं जुळवत होती. खवा लागू नये म्हणून.

फोटो काढला नाही. पुस्तक घेऊन परत वाचनालयात गेलो आणि तिनं वाचलेली, मला नावं आठवत होती ती दुसरी पुस्तकं मागितली. तिथंच बाकड्यावर बसून नुसते शेवट बघितले. नंतर बरेच दिवस मी हेच केलं. सकाळच्या जीपनं जायचं, शेवट वाचायचा, परत यायचं. बाई एकदा म्हणाल्या, "काका, तुमी समदी पुस्तकं उलटीकडनं वाचताय. सुरुवात कवा करायची?"

मी म्हणालो, "सुरुवात ठाऊक हाय."

विहिरीकडं गेलेली बाई परत आली नव्हती. लढाईवरचा घरी पोचला नव्हता. एक लहान मुलगी होती, तिला मी लई जपलं होतं. तिचं लग्न झालं असं मला वाटत होतं, कारण तिच्या लग्नात काय काय वाढलं ते बायकोनं मला सांगितलं होतं, शेवयाची खीर, भजी. ती मुलगी साताठ वर्षांची असतानाच तापानं गेली होती. पुस्तकात लग्नच नव्हतं. मी त्या दिवशी जीप चुकवली आणि चालत निघालो. रस्त्यात ओळखीच्यानं मोटारसायकल थांबवली, विचारलं, काका, कुणी गेलं का. मी म्हणालो, व्हय. कोण, विचारलं. काय सांगणार.

लोक म्हणतील, किती मायेची बाई. मलाही सगळे तेच म्हणाले. मुलगी फोनवर रडली आणि म्हणाली, आप्पा, आईनं तुमच्यासाठी किती केलं. केलं, मान्य आहे. पण मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. इतकी मरणं माझ्या दारावरून तिनं परत पाठवली, आणि एक तेवढं थेट आत आणलं. मला सवयच नव्हती. दुसऱ्यांची ऐकली असती, त्या म्हाताऱ्याचं कुलूप ऐकलं असतं, तर निदान कळलं असतं की असं होतं, असं किल्ली न लागणारं. खवा लागला असता. लागू द्यायचा होता. कढई घासता आली असती.

हा राग कुणाला बोललो नाही. ब्लॉगवर मात्र उत्तर द्यायला हवं होतं. जास्वंदीच्या बाईला मी लिहिलं की तुमचं बरोबर आहे. म्हातारी मरते. माझ्या बायकोनं मला दुसरं वाचून दाखवलं, कारण मी खव्याच्या कढईवर होतो आणि कुणी मेलं की माझा हात थांबायचा. त्यामुळं मी या ब्लॉगवर जे शेवट लिहिले ते कुठल्याच पुस्तकात नाहीत. वाचणाऱ्यांनी शोधू नयेत. हे लिहिताना माझा अंगठा फार जड झाला होता. बायकोला खोटं ठरवणारं वाक्य मीच लिहीत होतो, आणि तेही तिच्याच जागेवर.

जास्वंदीच्या बाईनं लगेच उत्तर दिलं. "काका, मग काकूंनी सांगितलेले शेवट लिहा ना. लेखकांचे शेवट छापलेले आहेत. काकूंचे फक्त तुमच्याकडं आहेत."

हे वाचून मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं, हे कबूल करतो. वाटलं, हे काम माझ्याशिवाय कुणालाच येणार नाही. चौथी पास चालेल याला. ओसरीत बसलो आणि पहिला घेतला, म्हातारीचा. लिहिलं, म्हातारी मेली नाही. दोघं घरी आली. मग थांबलो. पुढं काय होतं ते ठाऊक होतं, चूल, बेसन. ते लिहिलं. वाचलं. काहीच नव्हतं त्यात. असं कुणीही लिहील. तिनं सांगितलं तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. म्हाताऱ्याचा आवाज तिनं माझ्यासारखा काढला होता आणि मी हसलो होतो. तो आवाज लिहायचा कसा.

दुसरा घेतला. विहिरीकडची बाई मेली नाही. घरी आली. तिसरा. लढाईवरचा मेला नाही, घरी आला. मुलगी मेली नाही. पुढचं एकेक निसटायला लागलं. लग्नात खीर होती, का म्हातारीच्या घरी खीर होती, का ती आमच्याच मुलीच्या लग्नातली, मला सांगता येईना. बघता बघता सगळ्या पुस्तकांचा एकच शेवट झाला. कुणी मेलं नाही, सगळे घरी आले, चुलीवर काहीतरी शिजत होतं. तिच्याकडं बहुतेक तेवढाच एक शेवट होता. आवाज बदलून ती तोच सांगत राहिली आणि मला दर वेळी नवा वाटला. आता आवाज नाही, तर तो एकही पुरत नाही.

मी ते पुसून टाकलं. जास्वंदीच्या बाईला कळवलं की जमत नाही. त्या म्हणाल्या, घाई नाही काका, आठवेल तसं लिहा. चांगल्या आहेत त्या. पण आठवणं उलट्या बाजूला चाललंय हे त्यांना कसं कळणार. मधे मी स्वतःहून एक नवं पुस्तक वाचून बघितलं, पहिल्या पानापासून, सरळ. महिना गेला. त्यातही एक म्हातारा मेला. मला काहीच वाटलं नाही. त्यावर मी चार ओळी लिहिल्या, खऱ्या. त्या कुणी वाचल्या नाहीत, जास्वंदीच्या बाईंनीसुद्धा नाही, किंवा वाचून बोलल्या नाहीत.

वाचनालयाचं एक पुस्तक अजून घरात होतं. आजारपणात तिनं आणलेलं, खाटेवर पडून मला वाचून दाखवत होती. कढई नव्हती समोर, मी नुसता खाटेखाली बसायचो, तरी पान दोनदा चिकटलं होतं त्या पुस्तकाचं. अर्ध्यावर तिनं सुतळीचा तुकडा ठेवलेला. त्यातली माणसं अजून धडधाकट होती. मी सुतळी काढली आणि पुस्तक वाशीला परत नेऊन दिलं.

बाईंनी विचारलं, "झालं का वाचून?"

"अर्धं झालं."

"मग ऱ्हाऊ द्या की घरी. कोण मागतंय."

"न्हाय," मी म्हणालो. "पुढचं मला वाचता येत न्हाय."

त्यांना वाटलं डोळ्यांचं म्हणतोय. त्यांनी मोतीबिंदूच्या शिबिराचं सांगितलं, मी ऐकून घेतलं.

मुलगी दिवाळीला आली तेव्हा मीच तिला म्हणालो, "ते बंद करून टाक. मला काय त्यात लिहायचं ऱ्हायलं न्हाय."

तिनं मोबाइलवर आईचं जुनं लिहिणं उघडलं. मग म्हणाली, "आप्पा, बंद केलं तर आईचं समदंच जाईल. तिचं लिहिलेलं, तुमच्या दोन-दोन ओळी, समदं."

"मग माझं तेवढं काढ. माझे शेवट."

तिनं शोधलं. म्हणाली, तुम्ही लिहिलेल्याखाली लोकांनी आईबद्दल लिहिलंय, ते पण जाईल. मग मी म्हणालो, राहू दे.

ते तसंच आहे. नवीन कुणीतरी येतं, म्हातारीच्या पुस्तकाखाली लिहितं की असं पुस्तकात नाही, तुम्ही वाचलंय का. मोबाइल टिंग करतो. सुरुवातीला मी उत्तर द्यायचो. आता मोबाइल उचलून बघतो, नाव वाचतो, आणि पालथा ठेवून देतो.